उशिरा आलेला फुटवा

११ फेब्रुवारी

सकाळी वाफ्यांतून चालताना गव्हाच्या पानांवरून हात फिरवला आणि बोटं केशरी झाली. विटेच्या भुकटीत बुडवल्यासारखी. आमच्या ज्या वाणाला म्हणून तांबेरा शिवत नव्हता, त्याच वाणावर.

तांबेरेबुवा मागून आले. आयुष्यभर तांबेऱ्याच्या ह्या बुरशीचाच अभ्यास केल्यामुळे त्यांना सगळे हेच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. पान भिंगाखाली धरून म्हणाले, "बाई, ही तांबेऱ्याची नवी जात आहे. आपल्या गव्हाचं कुलूप हिनं उघडलं."

दुसरं कुलूप माझ्याकडे आहे. काचघरात, खिडकीकडच्या एका कुंडीत. त्या रोपाची आई आपला गहू आणि बाप रानगवत. गव्हाचाच रानटी नातेवाईक तो. बोटभर कुसळं, कणीएवढा दाणा, पिकला की ओंबी आपसूक गळून पडते. पण तांबेरा त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. दोन हंगाम मी त्याचा पराग गव्हाला लावत होते. दाणे धरायचे, पण आतल्या गर्भाला पोसणारं दूधच तयार व्हायचं नाही. म्हणून दाणा कोवळा असतानाच फोडायचा, टाचणीच्या टोकाएवढा गर्भ काढायचा आणि बाटलीतल्या गोड खळीवर वाढवायचा. एवढं करून जगला एकच.

रानगवत उगवायचं तो उतार आता दगडाची खाण झालाय. शीतगृहात थोडं बी होतं, ते गेल्या उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं तेव्हा मेलं. म्हणजे जे काही आहे ते ह्या एका कुंडीत.

आणि साहेब म्हणाले, मार्चअखेर काचघर रिकामं करा, खर्च झेपत नाही. मी म्हटलं, "साहेब, एक रोप आहे." ते म्हणाले, "एकच ना? मग घरी न्या."

घरी आले तर जिन्यात ताई बसलेली. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणाचं मशीन. न कळवता! "चार दिवस राहीन म्हणते," म्हणाली. चार दिवसांसाठी मशीन? पण ताईचं असंच. तिला रिकामं बसवत नाही.

१४ फेब्रुवारी

रोप बरं आहे. फुटवे तीन, चौथ्याचा पत्ता नाही. सकाळी तांबेरेबुवांनी त्याच्या एका पानावर मुद्दाम तांबेरा शिंपडला. मी बाहेर जाऊन उभी राहिले, बघवेना.

ताईनं घर घासूनपुसून लख्ख केलंय. गंमत म्हणजे भांडी घासताना तिचा आवाजच होत नाही. मी कुलूप उघडून आत आले की दचकते आणि लगेच उठून उभी राहते. म्हटलं, "अगं बस की, मी काय हेडमास्तर आहे का?" तर हसली. पंखा लावायचा तर विचारते, "लावू का गं?"

आज विचारत होती, आतल्या खोलीच्या दाराला कडी का नाही. मी म्हटलं, मी एकटी राहते, कुणापासून कडी लावू?

१९ फेब्रुवारी

पान स्वच्छ! एक ठिपकासुद्धा नाही. शेजारच्या कुंडीतला साधा गहू केशरी होऊन गेलाय आणि हे पठ्ठ्यासारखं हिरवंगार. तांबेरेबुवांनी तर माझ्याशी हस्तांदोलन केलं, हात अगदी घामेजलेला.

आनंद मात्र तासभरच टिकला. नुसतं रोप हिरवं असून काय करायचं? त्याला बी धरलं तरच ते कुलूप गव्हाच्या घरात जाणार. आणि त्याचा स्वतःचा पराग पोकळ आहे. गव्हाचा पराग त्याच्या ओंबीवर लावायचा आणि शंभरात एखादा दाणा धरतो का ते पाहायचं. माझ्याकडे शंभर ओंब्या नाहीत. तीन फुटवे, म्हणजे तीनच येतील.

ताई भाजी चिरत होती. तिला सांगायला बसले.

"म्हणजे हे गवत गव्हाचं कोण लागतं? चुलत की मावस?"

"चुलत म्हण. फार लांबचं."

"आणि आता गळ्याशी आल्यावर त्याची आठवण झाली!"

"तसंच असतं गं."

"हो बाई, तसंच असतं. सगळं ठीक चाललेलं असताना लांबच्यांना कोण विचारतं!" मग म्हणाली, "पण पराग पोकळ का?"

मी सांगितलं, की पेशीत गुणसूत्रं जोडीजोडीनं बसतात. ह्या रोपात अर्धी आईकडची, अर्धी बापाकडची. ती एकमेकांना ओळखतच नाहीत. जोडी काही जमत नाही.

"एकाच घरात राहून?"

"एकाच पेशीत राहून."

"मग वाळत नाही का ते?"

"तेच तर. वरून उलट जास्त टवटवीत दिसतं. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

ताई "हं" म्हणाली, विळी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि आत गेली. मी कामाचं बोलायला लागले की लोक कंटाळतात, हे मला माहीत आहे. ताई तरी ऐकून घेईल असं वाटलं होतं.

२२ फेब्रुवारी

दाजींचा फोन. "काय मेहुणीबाई, आमचं माणूस ठेवून घेतलंत ते! चहाची पूड कुठे ठेवलीय ते तरी विचारा." ताई मानेनंच 'नाही' म्हणत होती, म्हणून मीच विचारून सांगितलं. दाजी हसून म्हणाले, "बघा हं, तिकडे दूध उतू घालेल. तीस वर्षं झाली, अजून जमत नाही तिला." मीही हसले. दाजी पहिल्यापासून विनोदी.

ताईला म्हटलं, तूच का नाही बोललीस? म्हणाली, "हात ओले होते."

२७ फेब्रुवारी

पहिली ओंबी पानाच्या फुगलेल्या पोटरीतून डोकावतेय. अर्धी गव्हासारखी, अर्धी कुसळांनी फणफणलेली. किती वेळ बघत बसले! स्वतःच्या पोरांकडेही कुणी असं बघत नसेल. मला पोरं नाहीत, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही.

ऊन तापायला लागलंय. काचघराचा पंखा घरघरतो. दुरुस्तीचा अर्ज साहेबांनी बाजूला सारला. "आता महिनाभरासाठी कशाला?"

घरी आले तर ठाकठोक चाललेली. ताईनं कुठून तरी हातोडी आणली होती. म्हटलं, "ताई, माझं डोकं दुखतंय, आज नको." लगेच थांबली. काय करत होती ते विचारायचं राहिलं.

३ मार्च

तिन्ही ओंब्या एकदम तयार झाल्या. सकाळपासून काम केलं. कात्रीनं तुसांचे शेंडे कापले, चिमट्यानं एकेका फुलातले तीन-तीन पुंकेसर काढले, कागदी पिशव्या चढवल्या. हात जराही चुकला नाही. तांबेरेबुवा बघत उभे होते. म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला डोळे आहेत." चार-पाच दिवसांनी गव्हाचा पराग लावायचा.

मान अवघडलीय, पण आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली. ताई बाजूला बसून वाढत होती. "तू जेवलीस?" विचारलं तर म्हणाली, "मी मघाशी ओट्याशीच उभ्यानं खाल्लं." सवय म्हणे.

८ मार्च

सगळं संपलं.

पराग लावायला आज पिशव्या काढल्या. आत तिन्ही ओंब्या वाळून कोळपलेल्या. कापलेली तुसं, त्यातून आत शिरलेली गरम हवा. ती पिसांसारखी नाजूक कुक्षी पराग घ्यायच्या आधीच करपली.

आणि कापायचं कारणच नव्हतं. पुंकेसर काढतात ते फूल स्वतःच्याच परागानं फळू नये म्हणून. ह्या रोपाचा पराग पोकळ आहे, हे मला माहीत होतं. मीच तर ते ताईला भाजी चिरता चिरता समजावलं. पण वीस वर्षं गव्हावर जे केलं तेच हात करत गेले. मी त्यांना अडवलं नाही. हातांचं कौतुक होत होतं ना!

काचघरात खाली फरशीवर बसून रडले. तांबेरेबुवा दारापर्यंत आले आणि परत गेले. भला माणूस.

ताईला सांगितलं. तिनं डोक्यावर तेल थापलं, लहानपणी थापायची तसं. म्हणाली, "छोटे, एवढं हुशार माणूस तू, कापायला कशाला गेलीस?" तिच्यावर ओरडले. असं ओरडले की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझं ओरडून व्हायची वाट बघत राहिली.

९ मार्च

तिची माफी मागायची होती. सकाळी उठले तर डबा भरून तयार. मग राहूनच गेलं.

१२ मार्च

कुंडीच्या बुडाशी चौथा फुटवा आहे. बारीक, वाकडा, उशिरा आलेला. एरवी असा फुटवा आम्ही उपटून टाकतो, रोपाचा जोर खातो म्हणून. त्याच्या पोटात ओंबीसारखं काही जाणवतंय. असली तरी चार-सहा फुलांची असेल. आशा धरवत नाही.

उद्या मुख्यालयात जायचंय, काचघराची मुदत वाढवून मागायला. तीन-चार दिवस लागतील. तांबेरेबुवा शेतांवर फिरतीवर. रोप कुणाच्या भरवशावर टाकू? शेवटी ताईला काचघरात नेऊन दाखवलं. पाणी किती, पडदा कधी ओढायचा. "ओंबी बाहेर आली तर फुललेल्या गव्हाची ओंबी तिच्यावर झटक, जमलं तर. कापायला मात्र जाऊ नकोस. तुला ते जमणार नाही."

"नाही कापणार," ताई म्हणाली.

काचघर तिला आवडलं. म्हणाली, "किती शांत आहे गं इथे. आणि बाहेरून कोण येतंय ते लांबूनच दिसतं."

१६ मार्च

नाही म्हणाले. चहा पाजून, मान डोलवून, नाही म्हणाले. "बाई, लोकांना आज तोडगा हवाय. तुम्ही दहा वर्षांनंतरचं बोलताय." दहा वर्षांनी तांबेरा सुट्टीवर जाणार आहे का, असं विचारायचं मला बसमध्ये सुचलं.

घरी ताई काहीतरी सांगत होती. ओंबी आली, दोन दिवस मिटूनच होती, मग आपणच उघडली, तोंड वासून बसली, तेव्हा तिनं गव्हाची ओंबी झटकली, काल आणि आज सकाळी, "पावडर लावल्यासारखी". मी हं हं केलं. डोक्यात एकच होतं: संपलं.

तेवढ्यात दाजींचा फोन. आवाज खाली गेलेला. "मेहुणीबाई, घर खायला उठतं हो. ती फोन घेत नाही. तुम्हीच काहीतरी करा." मला भरून आलं. इथे माझं सगळं मोडलेलं, निदान एक तरी संसार नीट असू दे. म्हटलं, "दाजी, उद्याच या आणि घेऊन जा. रुसली असेल. मी बोलते."

ताईला सांगितलं. ती शिवत होती. मशीन थांबलं.

"तू बोलावलंस?"

"अगं, किती दिवस रुसून बसणार? एकटे पडलेत ते."

"बरं," ताई म्हणाली. आणि उरलेली शिवण पुरी केली. माझ्याच काचघरातल्या कोटाचा फाटलेला खिसा होता.

१७ मार्च

दाजी आले, मिठाई घेऊन. खूप हसवलं. "हिनं तुमच्याकडे काही जाळलं नाही ना?" ताई बॅगा घेऊन उभीच होती. मशीनकडे बघून दाजी म्हणाले, "हे इथे कसं? मला वाटलं मोडीत गेलं." ताई म्हणाली, "राहू दे ते. नंतर नेईन." जाताना माझ्या गालाला हात लावला. हात थंडगार होता. म्हणाली, "ओंबीवर पिशवी आहे, काढू नकोस. उन्हाचा पडदा ओढत जा."

घर मोठं वाटतंय. मी काहीतरी चांगलं केलं, असं स्वतःला सांगतेय. का सांगावं लागतंय?

२१ मार्च

काचघरातल्या कुंड्या उचलायला लागलेत. माझी तेवढी राहू द्या म्हटलं. पिशवी उघडून बघायचं धाडस होत नाही. वाळलेलंच असणार. बघितलं नाही तर 'वाळलंय' आणि 'धरलंय' दोन्ही मनात ठेवता येतं.

२४ मार्च

बघितलं.

एक दाणा.

सगळ्या ओंबीत एकच फूल फुगलंय. तूस जरा बाजूला करून पाहिलं, हिरवट, नखाच्या चंद्राएवढा. मागं हटले, कारण माझ्या हातांवर आता माझा विश्वास नाही.

मग आठवलं. पुस्तकात कधीकाळी वाचलेलं. गव्हाचं फूल फळलं नाही तर काही दिवसांनी स्वतःहून पुन्हा उघडतं, सताड, बाहेरचा पराग यावा म्हणून. तेव्हाच द्यायचा. कापायचं नाही, ओढायचं नाही, फक्त थांबायचं. ताई हेच सांगत होती. ती थांबली होती. मला ऐकायला सवड नव्हती.

ताईला सांगायलाच हवं म्हणून घरी येऊन फोन लावला. तिनंच उचलला.

"ताई, एक दाणा धरलाय! तू लावलेल्या परागाचा!"

पलीकडे श्वास ऐकू आला. मग अगदी हळू, "खरंच?" आणि मागून दाजींचा आवाज. तो आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता. चढलेला नव्हता, विनोदी तर नव्हताच. "कुणाचा आहे?"

"कुणाचा नाही," ताई म्हणाली. "चुकून लागला."

फोन बंद झाला.

हातात फोन धरून आतल्या खोलीत गेले. का गेले, माहीत नाही. ती गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. दार लोटलं तर आतून काहीतरी चमकलं. नवी कडी. जरा तिरकी बसलेली. स्क्रू धड आत गेलेले नाहीत, ठोकून ठोकून बसवलेत. एक वाकलाय. म्हणजे माझं डोकं दुखत होतं तेव्हा.

खोलीत ती, शेजारच्या खोलीत मी. घरात तिसरं कुणी नाही. आणि तिला कडी हवी होती.

मग सगळं एकेक आठवत गेलं. आवाज न करता घासलेली भांडी. उभ्यानं खाणं. पंखा लावू का. बाहेरून कोण येतंय ते लांबूनच दिसतं. आणि मी ओरडले तेव्हाचं ते भिंतीला पाठ लावून उभं राहणं. केवढी सराईत होती ती त्यात! आणि मी म्हणे बोट फिरवून पानावरचा रोग ओळखते!

मीच फोन करून त्याला बोलावलं.

२५ मार्च

दाणा जास्त दिवस ओंबीत राहिला तर आतल्या आत सुकेल. गर्भ उद्याच काढायला हवा. इकडे ताईच्या गावची बस सकाळचीच. तांबेरेबुवांकडे गेले. सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, "बहिणीला आणायचंय. आजच्या आज जावंसं वाटतंय, पण बस उद्या आहे. दाणा तुम्ही फोडाल?"

ते चष्मा पुसत बसले. "बाई, हा एकच आहे. माझे हात बुरशीचे. तुमचे..."

"माझ्या हातांनी काय केलं ते बघितलंत ना?"

"एक दिवस थांबून बहिणीला नाही आणता येणार?"

"नाही," म्हटलं. आणि हे म्हणताना जराही जड गेलं नाही, त्याचं मलाच नवल वाटलं.

२७ मार्च

दुपार. लिहायला आत्ता बसतेय.

काल दाजींनी दार उघडलं. "या या, मेहुणीबाई! न कळवता?" ताईनं चहा आणला. कप ठेवल्याचा आवाज झाला नाही. मी सांगून टाकलं की ताई हवीय, काचघराचं काम अडलंय, तिच्याशिवाय रोप मरेल.

"ही?" दाजी हसायला लागले. "हिला दूध तापवता येत नाही!"

तीस वर्षं मी ह्या वाक्यावर हसत आले. काल हसले नाही. तेवढ्यानंच खोली बदलली. दाजींचं हसू एकट्यालाच हसावं लागल्यामुळे मध्येच बंद पडलं.

"गवतासाठी नेताय बायको माझी?"

"हो. गवतासाठी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तेवढ्यात ताई आतून आली, चपला घालूनच. दोन्ही बॅगा तिच्या हातात. त्या तिनं उघडल्याच नव्हत्या. ज्या दोरीनं इथून बांधून नेल्या, तीच दोरी, तीच गाठ. दाजी दारात उभे होते. मी ताईच्या पुढे झाले आणि त्यांना म्हटलं, "सरका." 'दाजी' म्हटलं नाही. जिन्यात शेजारच्या बाई उभ्या होत्या, त्यांनी दोघींकडे बघितलं आणि न बोलता एक बॅग उचलली. दाजी सरकले. मागून बरंच काही म्हणाले. ते इथे लिहीत नाही.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. गाव मागं पडल्यावर म्हणाली, "दाणा मऊ होता का टणक?"

"मऊ."

"मग काढलास का?"

"बुवांना सांगितलंय."

"वेडी आहेस का? एवढा एकच होता ना?"

"ताई, मी त्याला बोलावलं."

"तुला माहीत नव्हतं."

"दिसत होतं."

ताईनं माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, तिनं शिवलेल्या, आणि तो तसाच तिथे ठेवून झोपली.

आज सकाळी तांबेरेबुवांचा फोन आला. गर्भ निघाला. जरा दुखावलाय असं त्यांना वाटतं, नक्की सांगता येत नाही. बाटलीत ठेवलाय. मूळ फुटलं तर आठवड्यात कळेल, नाही तर तपकिरी पडेल. काचघर परवा जाणार. बाटलीला काचघर लागत नाही, फळीवर एक दिवा पुरतो. दिवा बुवांनी स्वतःच्या टेबलावरचा दिलाय.

मला आशा आहे का? माहीत नाही. दाजी येतील, हे मात्र माहीत आहे. बाहेरच्या दाराला नवं कुलूप आणायला हवं.

आत्ता ताई आतल्या खोलीत गेली. झोपते म्हणाली, पडदा ओढून. दार लागलं. मग ती तिरकी कडी सरकवायची खटपट ऐकू आली. एकदा अडली, दोनदा अडली, मग बसली. आवाज चांगला खणखणीत झाला. मी इथे बाहेर बसलेय. स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवलाय, ती उठली की कडी सरळ करून देईन. त्याआधी नाही.